नाकापेक्षा मोती जड?



हिंगोली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. हळद विकून चार पैसे हाती आले आहेत. घरचा ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सात वर्षांचा आहे. मळणीच्या दिवसांत तो भाड्यानेही जातो. त्यांच्या आठवडी बाजारात एक विक्रेता येतो. त्याच्याजवळ निमुळत्या टोपीसारखा, लाल जाळीचा, चकचकीत एअर फिल्टर आहे. जुना डबा काढून टाका, हा बसवा, ट्रॅक्टरची ताकद वाढेल आणि डिझेल शेकडा दहा वाचेल, असे तो सांगतो. मालकांना ते पटले आहे, बाईंना पटलेले नाही. "घ्यायचा तर घेऊ, पण यात खरे किती ते आधी कळू द्या," असे त्या लिहितात. मुलीची बारावीनंतरची फी त्याच पैशातून भरायची आहे, हेही त्यांनी पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे.

उत्तर दोन शब्दांत देता येईल: घेऊ नका. पण तेवढ्यावर मालकांचे समाधान व्हायचे नाही, आणि होऊही नये. साहेबांनी सांगितले म्हणून नको आणि विक्रेत्याने सांगितले म्हणून हवे, या दोन्हींत फारसा फरक नाही. तेव्हा हिशेब करून पाहू. मी मेकॅनिक नव्हे, बी.एस्सी. ॲग्री. झालेला माणूस आहे. पण तीस वर्षे गावोगाव फिरताना उघडी पडलेली इंजिने पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली कित्येक वयाने नव्हे तर धुळीने गेलेली होती.

आधी इंजिन हवा किती ओढते ते पाहा. ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे इंजिन साधारण २५०० सी.सी.चे, म्हणजे अडीच लिटरचे असते. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पोटभर हवा घेते. मिनिटाला २००० फेरे धरले तर मिनिटाला हजार वेळा अडीच लिटर झाली. प्रत्यक्षात पोट पुरते भरत नाही. शंभरातले ८५ भाग भरते असे धरू. तरी मिनिटाला सुमारे २१०० लिटर आणि तासाला १२७ घनमीटर हवा होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे तुमचा ट्रॅक्टर तासाला अशा साडेचार खोल्या रिकाम्या करतो, आणि आठ तासांच्या दिवसात छत्तीस.

आता ती हवा कुठली? देवळासमोरच्या पारावरची नव्हे. ती रोटाव्हेटरमागे उठलेल्या मातीच्या लोटातली, नाहीतर हरभऱ्याच्या मळणीतली. अशा ऐन लोटात, पुढचे काही दिसत नाही अशा वेळी, एक घनमीटर हवेत एक ग्रॅमच्या आसपास धूळ असू शकते. दिवसभर तसाच लोट राहिला असे धरले, तर आठ तासांत सुमारे हजार घनमीटर हवेबरोबर एक किलो धूळ इंजिनाच्या दारात येते. दारात येते म्हणतो. आत किती जाते ते दारावरच्या राखणदारावर अवलंबून आहे. त्या राखणदाराचे नाव एअर क्लीनर.

चांगला कागदी फिल्टर, नीट बसलेला असेल तर, शंभरातले ९९ भागांहून अधिक धूळ अडवतो. उत्तम असेल तर हजारातले ९९९ भाग. तेलाच्या भांड्याचा जुना एअर क्लीनर साधारण ९५ ते ९८ भाग अडवतो. ऐकताना हे सगळे आकडे सारखेच वाटतात. पण आत काय गेले ते मोजा. एक किलोपैकी ९९.९ टक्के अडवली तर आत गेली एक ग्रॅम. ९९ टक्के अडवली तर दहा ग्रॅम. ९७ टक्के अडवली तर तीस ग्रॅम. राखणदार शंभरात दोन-तीनच चुकला, पण चोर तीसपट आत शिरले. म्हणून फिल्टरच्या बाबतीत 'थोडेसेच कमी गाळतो' या बोलण्याला काही अर्थ नाही.

आणि ही धूळ म्हणजे गव्हाचा कोंडा नव्हे. मातीच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. गारगोटी पोलादाच्या चाकूवर ओरखडा काढते, हे लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेले असते. त्यातही डोळ्यांना दिसणारा मोठा कण फार घातक नाही, तो वाटेतच पडतो. घातक असतो तो पाच ते वीस मायक्रॉनचा. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हा बारीक कण पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात शिरतो आणि तिथे पॉलिशपेपरासारखा घासत बसतो. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन ऑइल खाऊ लागते, ब्रीदरमधून धूर येतो, थंडीत सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, आणि एक दिवस मिस्त्री म्हणतो, "आता बांधावेच लागेल." लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि वर आठ-दहा दिवस ट्रॅक्टर उभा. हे सहसा ऐन हंगामातच घडते, कारण काम तेव्हाच जास्त असते.

आता विक्रेत्याच्या बोलण्याकडे येऊ. तो म्हणतो, हवा मोकळी मिळाली की ताकद वाढते. पेट्रोलवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे. तिथे क्षणाक्षणाचा हिशेब असतो, रस्ता स्वच्छ असतो आणि इंजिन पुनःपुन्हा उघडून बांधलेही जाते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्याची ताकद ठरते ती पंप किती डिझेल सोडतो त्यावर. पंपाची ती मर्यादा कारखान्यातच बांधून दिलेली असते, आणि तेवढे डिझेल जाळून थोडी शिल्लक उरेल इतकी हवा इंजिन पूर्ण भारावरही घेतच असते. एक लिटर डिझेल जाळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. इंजिन त्याहून बरीच जास्त ओढते. पीठ दोन शेरच असेल तर मोठा तवा आणून भाकऱ्या वाढत नाहीत. तसेच डिझेल तेवढेच ठेवून हवा वाढवली तर ताकद वाढत नाही. ताकद वाढवायची तर पंपाला हात लावावा लागेल, आणि तो उद्योग करून सिलिंडर हेड तडकवून घेतलेले लोकही मी पाहिले आहेत. तो विषय आज नको.

बरे, मोकळी म्हणजे किती मोकळी? विहिरीवरचा पंप ठरावीक खोलीपलीकडचे पाणी का ओढू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हवेचा दाब सुमारे दहा मीटर, म्हणजे साधारण ४०० इंच उंचीच्या पाण्याएवढाच असतो. स्वच्छ एअर क्लीनरमधून हवा ओढताना त्यातले दहा इंचांच्या आसपास खर्च होतात. म्हणजे शंभराला अडीच. याचा अर्थ, फिल्टर मुळीच नसता आणि नळी उघडी ठेवली असती, तरी जास्तीत जास्त शेकडा अडीच हवा जास्त मिळाली असती. विक्रेत्याचा फिल्टर कितीही मोकळा असला तरी याहून जास्त कोठून देणार? मग शेकडा दहा डिझेल कसे वाचणार?

त्यातून ही निमुळती टोपी बसवतात कुठे, तेही पाहा. मूळ एअर क्लीनरची नळी बहुतेक ट्रॅक्टरांत बॉनेटच्या बाहेर, वर, किंवा रेडिएटरच्या पुढे गार हवेत तोंड काढते. नवी टोपी बसते ती बॉनेटखाली, इंजिनाच्या अंगाला. तिथली हवा तापलेली असते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली तर ती शेकडा नऊने विरळ होते. म्हणजे अडीच मिळवायला गेलो आणि नऊ घालवून बसलो.

"पण साहेब, आमच्या शेजाऱ्याने बसवला, त्याला फरक पडला," असे कोणी म्हणेल. पडला असेल. तो खोटे बोलत नाही. फक्त त्याने काढून टाकलेला जुना फिल्टर कसा होता, ते त्याला विचारा. दोन हंगाम न बघितलेला, भुसा आणि माती कोंबून भरलेला फिल्टर काढला आणि त्याजागी काहीही बसवले, तरी ट्रॅक्टर मोकळा श्वास घेणार. काळा धूर कमी होणार, उतरलेली ताकद परत येणार, डिझेलही कमी लागणार. ते श्रेय नव्या फिल्टरचे नव्हे, जुनी घाण गेल्याचे आहे. तोच जुना डबा साफ केला असता किंवा आतला कागद बदलला असता, तरी हाच फरक दिसला असता, आणि धूळही अडली असती.

तेव्हा खरेदीचा विचार करण्यापूर्वी ट्रॅक्टरजवळ जा आणि आहे ते नीट आहे का ते पाहा. हे काम घरातले कोणीही करू शकते. त्याला मिस्त्री लागत नाही. इंजिन बंद मात्र ठेवा.

पहिली तपासणी पांढऱ्या फडक्याची. एअर क्लीनरमधून इंजिनाकडे जी रबरी नळी जाते ती इंजिनाच्या बाजूने सोडा आणि तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवा. इथे हवा गाळून आलेली असते, म्हणून फडके कोरडे आणि स्वच्छ निघाले पाहिजे. मातीचा रंग लागला तर धूळ फिल्टरला चुकवून आत जात आहे. मग फिल्टर सोन्याचा असला तरी उपयोग नाही. नळीला चीर गेली आहे का, दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट आहेत का, ते पाहा. क्लिपेच्या जागी तार किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेले ट्रॅक्टर मी दर आठवड्याला पाहतो. क्लिप अगदी किरकोळ वस्तू आहे, आणि तिच्यावाचून जी फट राहते तिच्यातून इंजिन जाते.

तुमच्या ट्रॅक्टरला तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असेल तर त्याचे काम समजून घ्या. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलावर आपटते आणि एकदम वर वळते. जड धूळ वळू शकत नाही, ती तेलात बुडते. उरलेली धूळ वरच्या तेलाने भिजलेल्या जाळीला चिकटते. यात तेलाच्या पातळीला फार महत्त्व आहे. खूण असते तेथपर्यंतच तेल हवे. कमी असेल तर धूळ सरळ पुढे जाते. जास्त असेल तर इंजिन तेच तेल ओढून घेते, आणि हे फार वाईट. कारण ओढलेल्या तेलावर इंजिन बेफाम पळू लागते व डिझेल बंद करूनही थांबत नाही. नव्या ट्रॅक्टरांची सरकारी चाचणी मध्य प्रदेशात बुदनी येथे होते. तिथे ट्रॅक्टर तिरका करूनसुद्धा हे तेल ओढले जाते का ते पाहतात, यावरून त्याचे महत्त्व ओळखा.

धुळीच्या कामात हे भांडे रोज उघडून पाहावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या म्हणजे जाळीतले तेल खाली उतरेल, मग भांडे काढा. तेल घट्ट, चिखलासारखे झाले असेल किंवा तळाशी बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा गाळ साचला असेल, तर तेल टाका, भांडे डिझेलने धुवा, पुसा, आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे नवे तेल खुणेपर्यंत भरा. इंजिनातून काढलेले जळके तेल त्यात ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात आधीच घाण असते आणि ते पुरेसे धरून ठेवत नाही. एवढ्याशा तेलात काटकसर नको.

कागदी फिल्टर असेल तर नियम नेमका उलटा आहे, आणि इथेच पुष्कळजण फसतात. कागदी फिल्टर रोज उघडू नये. त्याच्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरही गाळणीचे काम करतो. थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. दररोज काढून झटकणारा मालक काळजी घेतो आहे असे वाटते, पण प्रत्येक उघडण्यात थोडी धूळ आतल्या बाजूला सांडते आणि रबराची कड सैल होते. उघडायचे केव्हा ते सांगायला पुष्कळ ट्रॅक्टरांवर एक लहानसे दर्शक असते. फिल्टर तुंबून ओढीचा ताण वाढला, साधारण पंचवीस इंच पाण्याएवढा झाला, की त्यात लाल पट्टी दिसते किंवा समोर दिवा लागतो. तेव्हा उघडा. खालच्या रबरी चोचीतून मात्र रोज चिमटीने दाबून धूळ पाडत जा. ती चोच फाटलेली किंवा हरवलेली असेल तर आधी ती आणा.

बाहेरचा कागदी फिल्टर हवेने साफ करता येतो, पण आतून बाहेर, आणि अगदी हलक्या दाबाने. ३० पौंडांच्या वर नको. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडली तर कागदाला बारीक भोके पडतात, जी डोळ्यांना दिसत नाहीत. ती पाहायची तर अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत बॅटरी लावा. ठिणगीसारखा प्रकाश कुठे दिसला तर तो फिल्टर गेला. चाकावर आपटून झटकू नका, कड वाकते. पाण्याने धुऊ नका. आणि त्याच्या आत जो दुसरा, लहान फिल्टर असतो तो साफ करायचा नसतोच. पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीला सरळ बदलायचा. तो शेवटचा दरवाजा आहे. काही मिस्त्री "हा कशाला हवा, ओढ कमी होते," म्हणून तो काढून फेकतात. अशा मिस्त्रीकडे ट्रॅक्टर परत नेऊ नये असे माझे मत आहे.

आता बाजारातली प्रत्येक बाहेरची वस्तू वाईटच, असे मी म्हणत नाही. एक वस्तू धुळीत काम करणाऱ्याने अवश्य घ्यावी, ती म्हणजे प्री-क्लीनर. नळीच्या टोकावर बसणारे हे टोपण असते. त्यातल्या तिरप्या पात्यांमुळे आत येणारी हवा गरगर फिरते आणि जड धूळ बाहेर फेकली जाऊन पारदर्शक वाटीत साचते. उफणताना वाऱ्याने भुसा एकीकडे आणि दाणा एकीकडे पडतो, त्याचाच हा प्रकार समजा. काही प्रकारांत साचलेली धूळ आपोआप बाहेर टाकली जाते. बारीक कण याला अडवता येत नाहीत, ते मुख्य फिल्टरनेच अडवायचे. पण भरड धूळ आणि भुसा वरच्यावर निघून गेल्यामुळे मुख्य फिल्टर लवकर भरत नाही. ज्याचा ट्रॅक्टर मळणीला, रोटाव्हेटरला, वीटभट्टीला किंवा मुरूम वाहायला जातो, त्याला याचा खर्च वर्षा-दोन वर्षांत फिल्टर आणि तेलातूनच निघेल. ज्याचा ट्रॅक्टर वर्षाकाठी थोडेच तास, तेही ओल्या रानात आणि ट्रॉलीला चालतो, त्याने घाई करू नये. पुष्कळ ट्रॅक्टरांना प्री-क्लीनर मुळातच दिलेला असतो. फक्त वाटी फुटलेली असते नाहीतर आत गांधीलमाशीने घर केलेले असते. तो आधी नीट करा. नवा घेताना आपल्या इंजिनाच्या मापाचाच घ्या. लहान घेतला तर श्वास कोंडतो, फार मोठा घेतला तर हवा त्यात जोराने फिरत नाही आणि धूळ सुटी होत नाही.

एक बिनपैशाचा उपायही आहे. मळणी यंत्र लावताना वाऱ्याची दिशा पाहा आणि भुसा ट्रॅक्टरवरून उडणार नाही असा ट्रॅक्टर उभा करा. आपल्या वडीलधाऱ्यांनी खळे कधी वाऱ्याकडे पाठ फिरवून केले नाही. भाड्याच्या घाईत ड्रायव्हर मात्र जागा मिळेल तिथे यंत्र लावतो, कारण इंजिन त्याचे नसते.

तेलाचे भांडे काढून त्याजागी कागदी फिल्टर बसवण्याचे संच मिळतात. तुमच्याच मॉडेलसाठी ट्रॅक्टर कंपनीने काढलेला संच असेल तर विचार करायला हरकत नाही. गॅरेजवाल्याने नळ्या कापून, जोड देऊन केलेला असेल तर नको. त्या जोडांतूनच धूळ येते. शिवाय कागद पुनःपुन्हा विकत आणावा लागतो, आणि तो तालुक्याला मिळाला नाही की लोक फाटकाच परत चढवतात. नीट राखलेले तेलाचे भांडे त्यापेक्षा बरे.

नकली कागदी फिल्टरपासूनही सावध राहा. खोके हुबेहूब असते. उघडून पाहा: घड्या एकसारख्या आहेत का, डिंक सगळीकडून लागला आहे का, कडेचे रबर मऊ आणि अखंड आहे का. जुन्याच्या शेजारी ठेवून उंची आणि तोंड जुळवा. आणि पावती घ्या. पावती द्यायला कुरकुर करणाऱ्याचा माल स्वस्त का असतो, हे सांगायला नको.

मालकांचे अजूनही समाधान होत नसेल, तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. पहिली: हा फिल्टर शंभरातली किती धूळ अडवतो? हवेचे फिल्टर तपासण्याची आय.एस.ओ. ५०११ नावाची जगभर मानलेली पद्धत आहे. त्या पद्धतीने केलेल्या चाचणीचा कागद आहे का? तो ताकदीबद्दल बोलू लागेल; तुम्ही धुळीबद्दलच विचारत राहा. दुसरी: चार दिवस ट्रॅक्टरवर लावून पाहू देतोस का, पैसे नंतर?

दिला तर चाचणी अशी करा. आधी आपला जुना एअर क्लीनर नीट साफ करून घ्या, नाहीतर तुलना खोटी होईल. सपाट जागी उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरा. एकसारख्या रानात, तोच रोटाव्हेटर, तोच गिअर, तेवढेच फेरे, तोच ड्रायव्हर ठेवून चार एकर करा. त्याच जागी आणून मापाच्या भांड्याने टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरा आणि किती लिटर लागले ते लिहा. मग नवा फिल्टर लावून तसेच शेजारचे चार एकर. आणि मग पुन्हा जुना लावून आणखी चार एकर. ही तिसरी पाळी टाळू नका. रान वाळत जाते, फण आणि पाती झिजतात, त्यामुळे दोन पाळ्यांत पडलेला फरक फिल्टरचा की रानाचा हे कळत नाही. एका एकरावर मोजू नका. टाकी जरा तिरकी राहिली तरी अर्धा लिटर इकडेतिकडे होतो, आणि एकराला पाच लिटर लागत असतील तर तो अर्धा लिटर म्हणजेच विक्रेत्याचे 'शेकडा दहा' होते. चाचणी ओल असलेल्या, धूळ न उठणाऱ्या रानात करा, म्हणजे चाचणीपायी इंजिन झिजणार नाही.

ज्यांनी नवे ट्रॅक्टर घेतले आहेत त्यांना थोडे वेगळे सांगायचे आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. या ट्रॅक्टरांत बहुधा टर्बो आणि संगणकावर चालणारा डिझेल पंप असतो. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्यावर धूळ आपटली तर पात्यांच्या कडा खाल्ल्या जातात. इथे बाहेरचा फिल्टर लावण्याचा विचारही करू नये. वॉरंटीच्या पुस्तकात हवेच्या मार्गात बदल केल्यास काय होईल ते लिहिलेले असते. ते वाचा, किंवा घरातल्या शिकणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या.

आणि मुलांचा विषय निघालाच आहे तर, मोटारसायकलला अशीच टोपी लावून फटफट आवाज काढत फिरणारी पोरे प्रत्येक गावात आहेत. आवाज वाढतो, हे खरे. हवा आत शिरतानाचा आवाज मूळ डबा दाबून ठेवतो, तो डबा गेला की आवाज मोकळा होतो आणि गाडी जोरात चालल्यासारखी वाटते. आपल्या पाणंदीच्या रस्त्यांवर ती टोपी काय काय ओढत असेल, याचा विचार बापाने करावा.

हिंगोलीच्या बाईंना माझे सांगणे इतकेच की, हळदीच्या पैशातून आधी एक पांढरे फडके, दोन क्लिपा आणि लागत असेल तर नळी एवढाच खर्च करा. एक वही घाला. तीत ट्रॅक्टरचे तास, कोणत्या तासाला एअर क्लीनर उघडला, इंजिनात वरून किती ऑइल घालावे लागले, एवढे तीन रकाने पुरेत. ऑइल वाढत चालले तर ते वहीत आधी दिसेल, धुरात नंतर. मळणीचे भाडे यंदाही तेवढेच राहणार असेल तर मापाचा प्री-क्लीनर घ्या. मुलीची फी भरा.

सोलापूर जिल्ह्यातल्या दोन वाचकांनी डिझेलच्या टाकीत पाणी कसे येते असे विचारले आहे. त्याचे उत्तर पुढच्या अंकात देईन.